जुनी जेट बोट घ्यायचीय? आधी पंप बघा, इंजिन नंतर

कोल्हापुरात जेट बोट कोण घेतंय असं वाटेल, पण चौकशी करणारे भेटतात, कुणाचं धरणाच्या काठाला रिसॉर्ट आहे, कुणाला मालवण-तारकर्लीत वॉटर स्पोर्ट्सचा धंदा टाकायचाय, आणि कुणाला नुसताच नाद. नवीचा भाव ऐकला की माणूस गार पडतो मग गाडी सेकंडहँडकडे वळते. आणि बघायला जाताना काय करतात, तर ओळखीचा गाडीचा मेकॅनिक सोबत नेतात, तो स्टार्टर मारतो, आवाज ऐकतो, इंजिन एक नंबर म्हणतो आणि तिथंच इसार दिला जातो. आता इंजिन खरंच एक नंबर असलं तरी बोट पाण्यात ढिम्म हलत नाही असं होऊ शकतंय, कारण जेट बोटीत ढकलायचं काम इंजिन करत नाही, पंप करतो.

हे आपल्याकडच्या माणसाला समजायला लय सोपं आहे. नदीवरची उपशाची मोटर बघितलीय ना, खाली सक्शन, त्यात जाळी, मधी इंपेलर म्हणजे पाणी फेकणारं पात्यांचं चाक, पुढं डिलिव्हरी. जेट बोटीत तेच आडवं करून बोटीच्या बुडात बसवलंय. बुडाच्या जाळीतून पाणी आत, इंपेलर त्याला मागं फेकतो, स्टेटरची पाती पाण्याचा पीळ सरळ करतात, आणि अरुंद नोझलमधून धार बाहेर, त्या धारेच्या रेट्यानं बोट पुढं. नोझल डावी-उजवीकडं वळवलं की बोट वळते, आणि धारेसमोर बकेट, म्हणजे धार अडवणारं झाकण, खाली आली की धार पुढं फिरते, बोट मागं येते. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टननी १९५० च्या दशकात हे नीट बसवलं ते तिथल्या उथळ, गोट्यांच्या नद्यांसाठी, जिथं पंख्याची बोट खाली आपटायची. म्हणून उपशाच्या मोटरीला जे रोग होतात तेच हिला होतात: सक्शन हवा घेतंय, इंपेलर घासलाय, जाळीत कचरा, ग्लँड गळतंय. मोटर फुल आवाज करतीय आणि पाटात पाणी नाही, हे ज्यानं बघितलंय त्याला निम्मी जेट बोट कळली.

बोट कुठल्या पाण्यात चालवणार ते आधी ठरवा

हे वगळून लोक डायरेक्ट मॉडेल विचारतात. पंचगंगेत केंदाळ असतंय, प्लास्टिक असतंय, निर्माल्याची फडकी असतात, आणि जेट बोट हे सगळं आत ओढते. धरणाचं खोल स्वच्छ पाणी चालतंय, पण काठाजवळ वाळू-गोटे असले तर थ्रॉटल दिला की तेही वर येतात. कमीत कमी तीन फूट पाणी बुडाखाली असल्याशिवाय जोर द्यायचा नाही, पळताना उथळातनं निघून जाते ती गोष्ट वेगळी, जागेवर उभी असताना ओढते ते वाईट.

पुराच्या कामाला घेऊया असं पण काही तरुण मंडळांत बोललं जातंय. हेतू चांगला आहे, पाण्यातल्या माणसाला पंखा लागायची भीती नाही हेही खरं, पण राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटाची धोका पातळी ओलांडून जातंय तेव्हा त्यात उसाचं पाचट, केंदाळ, दोऱ्या, कपडे सगळं वाहत असतंय. जाळी भरली की बोट धारेत मोकळी वाहायला लागली. त्या कामाला रबरी बोट आणि मागं आऊटबोर्ड इंजिन बरं, एनडीआरएफवाले पण रबरी बोटीच घेऊन येतात. माझं मत विचाराल तर पुरासाठी जेट बोट घेऊ नका.

परवानगीचं पण आत्ताच बघा. धरणं पाटबंधारे खात्याची, रंकाळा महापालिकेचा, राधानगरीचा जलाशय तर अभयारण्यात येतो म्हणजे वनखातं पण आलं. बोट दारात आणून मग अर्ज करत बसलात तर ती ताडपत्रीखालीच म्हातारी होणार.

फोनवरच निम्मं काम करा

मालकाला विचारायचं: बोट खाऱ्या पाण्यात चालली का गोड्या? भाड्यानं चालायची का घरची? मशीन किती तासाचं आहे? शेवटची पाण्यात कधी उतरवली? तासाचा आकडा किलोमीटरसारखा डोळे झाकून मानू नका, कमी तास पण तीन वर्षं बंद पडून असलेली बोट ही जास्त तास आणि रोज फ्लश झालेल्या, म्हणजे आतनं गोड्या पाण्यानं धुतलेल्या, बोटीपेक्षा वाईट निघू शकते. बीचवर राईड मारणारी मशीनं वाळूतनं सुटतात, वाळूत येऊन थांबतात, दिवसभर फुल थ्रॉटल-बंद-फुल थ्रॉटल, त्यामुळं त्यांचा पंप कायम संशयित धरायचा.

आणि एक सांगून ठेवा, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गेल्यावर आधी इंजिनला हात लावून बघा, गरम असलं तर समजा गार स्टार्टला काहीतरी त्रास आहे तो लपवलाय. मग निवांत चहा प्या, गावात फिरून या, गार झाल्यावर बघा.

वेळ पण महत्त्वाची. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, तेव्हा भाव उतरतो खरा पण समुद्रात चाचणी घेता येत नाही, नुसती ट्रेलरवर बघून घ्यावी लागते. मे महिन्यात, सीझन संपत आलेला पण बंद झालेला नाही, तेव्हा जायचं. मालकाला चार महिने सांभाळायची कटकट नको असते आणि बोट अजून पाण्यात असते.

पंप, इथं अर्धा दिवस गेला तरी चालेल

सोबत टॉर्च, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), छोटा आरसा, जुने कपडे. बोट ट्रेलरवर पाहिजे. बॅटरीची वायर काढायची आणि किल स्विचची दोरी (ती निघाली की इंजिन बंद) पण काढून खिशात ठेवायची, कारण आता बोटं इंपेलरजवळ जाणार आहेत.

खालून जाळीतनं टॉर्च मारा. इंपेलरच्या पात्याची पुढची धार बघा, ती सरळ आणि बारीक पाहिजे. दातरे पडलेत, धार दुमडलीय, कुठं चिरटी उडालीय, म्हणजे गोटे खाल्लेत. थोडे दातरे असले तर घाबरू नका, ते घासून सरळ करता येतात किंवा इंपेलर बदलता येतो, पण भाव पाडायला ते पहिलं कारण. पात्यावर बारीक खड्डे खड्डे दिसले, धातू कुरतडल्यासारखा, तर ते कॅव्हिटेशन, म्हणजे पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन ते पात्यावर फुटतात. हे आपोआप होत नाही, धार खराब आहे नाहीतर पाणी आत यायच्या वाटेत काहीतरी अडतंय.

मग वेअर रिंग. इंपेलर ज्या कड्यात फिरतो ते कडं, काहींना प्लास्टिकचं, काहींना स्टीलचं. पात्याचं टोक आणि कडं यात फट किती आहे त्यावर सगळा जोर ठरतो. फिलर गेज घालून मोजा, एका जागी नाही, चारी बाजूला. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला धरायचा पण अंदाज म्हणून सांगतो, जेट स्कीच्या (स्कूटरसारखं बसून चालवायची छोटी बोट) जातीच्या पंपाला अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक, एक मिलिमीटरजवळ गेली तर कडं बदलायला आलं. एका बाजूला फट मोठी आणि समोरच्या बाजूला पातं कड्याला टेकतंय असं असेल तर नुसतं कडं बदलून भागणार नाही, बेअरिंग गेलंय किंवा शाफ्ट वाकडा आहे.

हातानं शाफ्ट फिरवा. गुळगुळीत फिरला पाहिजे, खरखर लागली तर बेअरिंगमध्ये पाणी गेलेलं असतंय. वर-खाली हलवून बघा, पुढं-मागं ढकलून बघा, प्ले नको. ज्या पंपाला मागच्या कोनमध्ये ऑइल असतंय त्याचा प्लग काढून दोन थेंब बोटावर घ्या, दुधाळ असलं तर सील गेलं.

शाफ्टवर दोरी बघा. मालवणकडच्या बोटीत जाळ्याचं नायलॉन, आपल्याकडं फडकी आणि पिशव्या. नायलॉन एवढं घट्ट बसतंय की वितळून शाफ्टचाच भाग वाटतंय, आणि ते हळूहळू सील कापतं. आतून, म्हणजे इंजिनच्या बाजूनं, शाफ्ट जिथनं बुडातनं बाहेर जातो तिथं पण टॉर्च मारा, आजूबाजूला गोल शिंपडल्यासारखे मिठाचे डाग दिसले तर सील गळतंय.

पंपाची बॉडी बऱ्याचदा ॲल्युमिनियमची आणि इंपेलर स्टेनलेसचा, खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ते वाचवायला बळीचा बकरा म्हणून झिंकचा तुकडा लावलेला असतो. तो निम्मा खाल्लेला असेल तर छान, काम करतोय. पूर्ण संपलाय, नाहीतर त्याच्यावर कुणीतरी हौसेनं रंग मारलाय, तर बॉडीवर पांढरी पावडर आणि फोड शोधा, सापडतील. समुद्रातली बोट कायमची आपल्या गोड्या पाण्यात आणली तर झिंक काढून मॅग्नेशियमचा लावायचा, गोड्यात झिंक नीट काम करत नाही.

बकेट आणि नोझल हातानं हलवा. लीव्हर टाकल्यावर बकेट पूर्ण वर-खाली जाते का, केबल अडकते का. स्टिअरिंगची केबल जड लागली तर आत गंज आहे, पुढं ती एकदम जाम होते.

एक मात्र कोल्हापूरकराला बरं आहे. उद्यमनगरात लेथवाले, शिरोली-गोकुळ शिरगावला फाउंड्र्या, त्यामुळं बुश, शाफ्ट, कडं असलं काम इथं होऊन जातंय. पण इंपेलरची पाती वेल्डिंगनं भरून आणायच्या नादात पडताना जपून, पात्याचा पीच, म्हणजे तिरकेपणा, जरा बिघडला किंवा बॅलन्स गेला तर जेट स्कीच्या जातीत सात-आठ हजार आरपीएमला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) फिरणारी वस्तू आहे ती, महिन्यात बेअरिंग खाणार. बॅलन्सिंग करून देणारा असेल तरच.

हल म्हणजे बोटीचं अंग, आणि भुईकाट्याची युक्ती

फायबरच्या बुडावर बोटाच्या पेरानं टकटक करत पूर्ण फिरा. टणक आवाज येत येत एकदम मऊ, भद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत. इंजिन ज्या पायावर बसलंय तिथं तडे, पंप जिथं बुडाला जोडलाय तिथं तडे किंवा नवं पुट्टी-रंगकाम असेल तर सरळ विचारायचं काय झालेलं. पंप आणि बूड यांच्या सांध्यातनं हवा शिरली तरी जोर जातो.

बुडाच्या पोकळीत फोम भरलेला असतो आणि तो पाणी पिऊन बसला की वरनं काही कळत नाही. यासाठी बोट ट्रेलरसकट भुईकाट्यावर घ्या, उसामुळं आपल्याकडं काट्यांना तोटा नाही. मग नुसता ट्रेलर तोला. फरकातनं पेट्रोल आणि सामान वजा करा आणि कंपनीच्या कॅटलॉगमधल्या कोरड्या वजनाशी ताडून बघा. काट्याची मापं जाड असतात, वीस-तीस किलोवरनं भांडू नका, पण शंभर-दीडशे किलो जास्त भरली तर ते पाणी आहे.

इंजिन

इथं तुमच्या मेकॅनिकला पुढं करा. प्लग काढून कॉम्प्रेशन घ्या, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक बघायचा, दहा टक्क्यांच्या वर फरक असला की कारण शोधल्याशिवाय पुढं जायचं नाही. प्लगवर गंज म्हणजे पाणी आत गेलेलं. फोर स्ट्रोकचं ऑइल दुधाळ म्हणजे तेच.

कूलिंग कसलं आहे ते विचारा. यामाहा आणि कावासाकीत बाहेरचंच पाणी इंजिनमधनं फिरतं, त्यामुळं समुद्रात चाललेली असेल तर फ्लशिंगची सवय होती का हाच मोठा प्रश्न. सी-डू कंपनीच्या फोर स्ट्रोक रोटॅक्स इंजिनात कूलंट बंद सर्किटमध्ये फिरतो, इंजिन आतनं वाचतं, पण एक्झॉस्टला बाहेरचंच पाणी जातं. सुपरचार्जरवाली जुनी रोटॅक्स असेल तर त्याच्या क्लचमध्ये सिरॅमिकचे वॉशर असायचे, ते फुटून तुकडे इंजिनात जायचे, नंतर स्टीलचे आले. बदलल्याचं बिल मागा, बिल नसेल तर ते काम आपल्याला करायचंय असं धरून भाव बोला.

मोठ्या अमेरिकन बोटीत व्ही-८ गाडीचंच इंजिन असतंय, ते बघून आपला मेकॅनिक खूश होतो आणि तिथंच घोळ. त्याचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पाण्यानं गार होणारा असतो, आतनं गंजला की पाणी सिलिंडरमध्ये. आणि अल्टरनेटर, स्टार्टर मरीनचाच आहे का गाडीचा जुगाड केलाय ते नक्की बघा. मरीन पार्टची ठिणगी बाहेर पडत नाही, गाडीच्या पडते, आणि इंजिनच्या बंद खोलीत पेट्रोलची वाफ साचलेली असते. म्हणून स्टार्टच्या आधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर काढणारा पंखा, चालवायचा असतो. ब्लोअर बंद असलेली बोट चालू करू देऊ नका, कितीही घाई असू दे.

पेट्रोलचे पाइप दाबून बघा, मऊ-चिकट किंवा चिरलेले नकोत. आता पेट्रोल पंपावर मिळतंय ते वीस टक्के इथेनॉलचं, आपल्याच उसाचं म्हणा, पण बहुतेक मरीन इंजिनं दहा टक्क्यांपर्यंतच्या हिशोबानं बनलेली, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतंय. बरेच दिवस उभ्या बोटीच्या टाकीच्या तळातलं पेट्रोल बाटलीत काढून ठेवा, दोन थर झाले तर टाकी साफ केल्याशिवाय चालवायची नाही.

जमिनीवर चालू करायची असेल तर जेट स्कीच्या जातीच्या इंजिनाला क्रम पाठ करा: आधी इंजिन चालू, मग नळी सोडा. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं केलं तर एक्झॉस्टमधनं पाणी सिलिंडरमध्ये चढतंय. पाण्याशिवाय पंधरा-वीस सेकंदांच्या वर चालवायची नाही. मालकालाच करू द्या आणि बघत उभं रहा, तो हा क्रम चुकला तर बोट आत्तापर्यंत कशी वापरलीय ते कळलं.

पाण्यात, खरं-खोटं इथं कळतंय

पाण्यात न उतरवता बोट घ्यायची नाही, कारण कुठलंही असू दे. लाइफ जॅकेट घाला, किल स्विचची दोरी मनगटाला.

आधी दोन गोष्टी नव्या माणसासाठी. थ्रॉटल सोडला की जेट बोट वळत नाही, कारण वळवणारी धारच नाही, आणि समोर काही आलं की माणूस पहिलं थ्रॉटलच सोडतो. दुसरं, खरा न्यूट्रल नसतो, बकेट अर्धी धरून धार दोन्हीकडं वाटतात, त्यामुळं बोट जागेवर सरकत राहते.

आता फुल थ्रॉटलला आरपीएम बघा, आणि मोबाइलच्या जीपीएसवर स्पीड. जेट पंपाची गंमत अशी की बोट पळतीय का रखडतीय याचा इंजिनवरच्या लोडशी फारसा संबंध नाही, पंप तेवढ्या आरपीएमला तेवढीच ताकद खातो. म्हणून मॅन्युअलमधल्या फुल थ्रॉटलच्या आकड्याशी ताडलं की दोष कुठं आहे ते वेगळं करता येतंय. आरपीएम कमी येतोय तर इंजिन कमजोर, नाहीतर कुणीतरी जड पीचचा इंपेलर बसवलाय. आरपीएम आकड्याच्या वर पळतोय आणि बोट मागं राहतीय तर पंप घसरतोय, म्हणजे फट वाढलीय, हवा शिरतीय किंवा जाळीत काहीतरी अडकलंय. आरपीएम बरोबर आणि स्पीड कमी, तर वजन, तो भुईकाट्याचा कागद परत बघा. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहोत, हवा विरळ, त्यामुळं टर्बो-सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाचा मालवणला आलेला आरपीएम इथं शंभर-दीडशेनं कमी दिसला तर तो दोष नाही.

थांबलेल्या अवस्थेतनं एकदम थ्रॉटल द्या. इंजिन किंचाळतंय आणि बोट क्षणभर विचार करून मग निघतीय, असं झालं तर पुन्हा पंपाखाली जायचं. किमान वीस मिनिटं चालवा, टेंपरेचर बघा, मग काठाला येऊन बुडातलं साचलेलं पाणी बघा, सुरुवातीला कोरडं केलेलं होतं ना, मग आता आहे ते आत्ता आलेलं. बिल्ज पंप, म्हणजे ते पाणी बाहेर टाकणारा पंप, चालू करून बघा.

कागद आणि पैसे

बोटीच्या मागच्या बाजूला उजवीकडं हल नंबर कोरलेला असतो, अमेरिकन बोटीला १२ अक्षरी, शेवटचे दोन आकडे मॉडेलचं साल. तो कागदावरच्या नंबराशी जुळला पाहिजे, घासलेला असला तर उठून या. बाहेरनं आलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, मागा. देशांतर्गत पाण्यातल्या इंजिनाच्या बोटींना २०२१ चा इनलँड व्हेसल्स कायदा आहे, नोंदणी लागते, आपल्याकडं महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडं चौकशी करा, आणि विमा.

भाव बोलायच्या आधी डीलरकडनं इंपेलर, वेअर रिंग, सील आणि बेअरिंगच्या किमती आणि यायला किती आठवडे लागणार ते विचारून ठेवा, तोच आकडा समोर ठेवून बोलायचं. इसार देणारच असाल तर कागदावर लिहून घ्या, पाण्यातली चाचणी पास झाली तरच व्यवहार, नाहीतर इसार परत. एजंट म्हणेल एवढं कशाला, ओळखीतलं आहे. लिहूनच घ्या.

आणताना

ट्रेलर बहुतेक वेळा बोटीपेक्षा वाईट हालतीत असतो, चाकं खाऱ्या पाण्यात बुडालेली, बेअरिंगचं ग्रीस गेलेलं. अशा ट्रेलरवर फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट चढवायचं धाडस नको, सरळ उघड्या टेंपोत टाकून आणा, खाली जुने टायर, पट्ट्यांनी चारी बाजूनं बांधून. टाकी रिकामी, बॅटरीची वायर काढलेली, बुडाचा ड्रेन प्लग काढून खिशात. घरी आली की गोड्या पाण्यानं फ्लश करा, ऑइल-फिल्टर आणि प्लग बदला, आणि पाण्यात उतरवायच्या आधी तो खिशातला प्लग परत लावा.